उत्तर: उत्तर: कायोटीज घालवली कोणी?

प्रेषक: चँडलरकर

नमस्कार मंडळी,

फीनिक्समधल्या डायमंडबॅक्स या बेसबॉल टीमच्या चेस फील्ड मैदानाच्या दुरुस्तीसाठी ५०० मिलियन डॉलरपर्यंत करांचा पैसा वळवणारं विधेयक २०२५ मध्ये मंजूर झालं. त्यावर आपलं भांडून झालंय, ते उकरून काढत नाही. पण त्यात दोघातिघांनी लिहिलं की शेजारच्या टेंपे शहराने कायोटीज या आइस हॉकी टीमला वाटेला लावलं तसं डायमंडबॅक्सनाही लावायला हवं होतं. तेवढ्यासाठी हा वेगळा विषय.

माझं म्हणणं सरळ आहे. १६ मे २०२३ ला टेंपेच्या मतदारांनी नव्या अरीनासाठी मतदानाला ठेवलेले ३०१, ३०२ आणि ३०३ हे तिन्ही प्रस्ताव (प्रपोझिशन्स) पाडले. अकरा महिन्यांत टीम सॉल्ट लेक सिटीला गेली. २.१ बिलियनचा प्रकल्प घेऊन मालक दारात उभा होता, शहराच्या जुन्या कचऱ्याच्या जागेची सफाईही त्यातच होती, आणि आपण त्याला परत पाठवलं. नवं घर नाही म्हटल्यावर युनिव्हर्सिटीच्या ४,६०० खुर्च्यांच्या मलेट अरीनात एनएचएलची (आइस हॉकीची मुख्य लीग) टीम किती दिवस तग धरणार? ४१ होम गेम, सगळे हाउसफुल धरले तरी १,८८,६०० तिकिटं. त्याआधीच्या ग्लेनडेलच्या अरीनात १७,१२५ खुर्च्या होत्या, तिथे हाच हिशेब सात लाखांवर जातो. एनएफएलसारखा (अमेरिकन फुटबॉल) टीव्हीचा पैसा हॉकीत नाही, इथे धंदा गेटवर चालतो.

तेव्हा टीम टेंपेने घालवली. पटत नसेल तर आकड्यांनी खोडा.

चँडलरकर

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

चँडलरकर,

तुम्ही गोष्ट शेवटच्या पानावरून वाचायला घेतलीत. टेंपेचं मतदान म्हणजे तेराव्याचं जेवण, आजार त्याच्या वीस वर्षं आधीचा आहे.

१९९६ ला विनिपेगहून टीम आली ती फीनिक्स डाउनटाउनच्या बास्केटबॉलसाठी बांधलेल्या अरीनात. हॉकीचं बर्फ बास्केटबॉलच्या कोर्टाहून बरंच लांब असतं. त्यामुळे एका टोकाच्या वरच्या खुर्च्यांतून त्या बाजूचा गोलच दिसत नसे. मग स्कॉट्सडेलला लॉस आर्कोसच्या जुन्या मॉलच्या जागी अरीना बांधायचं घाटत होतं, ते बारगळलं आणि ग्लेनडेल पुढे आलं. डिसेंबर २००३ मध्ये अरीना सुरू झालं. खर्च २२० मिलियन, त्यातले १८० शहराचे, तेही कर्ज काढून. सव्वादोन लाख वस्तीचं गाव हे, फीनिक्स नव्हे.

इथे शहराचं शेपूट दारात अडकलं. कर्जाचे हप्ते टीम असो नसो भरायचेच. त्यामुळे पुढच्या दहा वर्षांत टीम घ्यायला जो जो आला, तो लीगच्या ऑफिसात जायच्या आधी ग्लेनडेलच्या कौन्सिलकडे आला. टीमची किंमत हॉकीवर ठरतच नव्हती. शहर अरीनाच्या व्यवस्थापनापोटी वर्षाला किती देणार, त्यावर ठरत होती.

जुलै २०१३ चा करार घ्या, ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झालेला. नव्या मालकांना अरीना चालवायचे वर्षाला १५ मिलियन, १५ वर्षं, म्हणजे २२५ मिलियन. त्याबदल्यात शहराला तिकिटावरचा अधिभार, पार्किंग आणि नावाच्या हक्कातला वाटा. आणि त्यातच एक पळवाट: पाच वर्षांत एकूण तोटा ५० मिलियनवर गेला तर मालक टीम घेऊन जायला मोकळा. १५ मिलियनला ४१ ने भागा, दर गेममागे ३ लाख ६५ हजार होतात. त्याला १७,१२५ ने भागा, दर खुर्चीमागे २१ डॉलर. त्या खुर्चीवर माणूस बसो वा न बसो.

ग्लेनडेलकर

---

प्रेषक: चँडलरकर

काका, २१ डॉलरचा हिशेब झकास आहे, पण एकांगी. ते १५ मिलियन खिरापत नव्हती. वीज, एसी, बर्फ राखणं, सिक्युरिटी, कॉन्सर्टचं बुकिंग, सगळं त्यातच होतं. अरीना रिकामं राहिलं असतं तरी चालवायचा खर्च शहराच्याच गळ्यात होता. जुलैत ११५ डिग्री फॅरेनहाइटमध्ये एवढी इमारत नुसती बंद ठेवायलाही पैसे लागतात.

आणि दुसरं, तुम्ही पश्चिमेला राहता. टीमचे पैसेवाले प्रेक्षक आणि कंपन्या स्कॉट्सडेल, टेंपे, चँडलर, गिल्बर्टला. आठवड्यातल्या दिवशी सातचा फेसऑफ (गेमची सुरुवात) गाठायचा म्हणजे साडेपाचला निघून आय-टेन हायवेच्या बोगद्यात ब्रेकवर पाय ठेवून बसायचं. तीस-पस्तीस मैल जायचे, तेवढेच यायचे, आणि दुसऱ्या दिवशी शाळा. सीझन तिकिटं याने मेली. टेंपेची जागा प्रिस्ट ड्राइव्ह आणि रिओ सालाडोच्या कोपऱ्यावर, चारही बाजूंनी फ्रीवे. म्हणूनच ती हातची जाणं मला जास्त खुपतं.

चँडलरकर

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

खर्चाचा मुद्दा मान्य, पण त्याचं उत्तर शहरानेच देऊन ठेवलंय. २०१५ ला करार मोडला, तडजोड झाली, आणि तेच अरीना, तीच टीम, तेच व्यवस्थापन वर्षाला साडेसहा मिलियनमध्ये दोन वर्षांसाठी ठरलं. एसीचं बिल दोन वर्षांत निम्म्यावर येत नाही. मधले साडेआठ कशाचे होते ते तुम्हीच सांगा.

मोडला कसा तेही बघण्यासारखं आहे. ॲरिझोनाच्या कायद्यात ३८-५११ असं कलम आहे. सरकारी बाजूने करार ठरवण्यात ज्याचा महत्त्वाचा हात होता, असा माणूस करार चालू असताना समोरच्या पक्षाकडे नोकरीला किंवा त्याच कामात सल्लागार म्हणून गेला, तर सही झाल्यापासून तीन वर्षांच्या आत सरकार करार रद्द करू शकतं. शहराचे माजी वकील टीमकडे नोकरीला गेले होते. १० जून २०१५ ला कौन्सिलने ५ विरुद्ध २ मतांनी हेच कलम लावलं. टीमने आरोप नाकारला, कोर्टात गेली, पण शेवटी कमी पैशांवर सही केली. कौन्सिलला वकिलाचं एवढं काही पडलेलं नव्हतं. अधिभार आणि पार्किंगमधून यायचे ते पैसे अंदाजाएवढे येत नव्हते, आणि बाहेर पडायला दार हवं होतं.

ग्लेनडेलकर

---

प्रेषक: मेसाकर

मंडळी, २००९ ची दिवाळखोरी गाळून ही चर्चा म्हणजे मीठ न घातलेली आमटी.

५ मे २००९ ला मालक जेरी मोयेस यांनी टीम चॅप्टर ११ मध्ये, म्हणजे दिवाळखोरीत, घातली. त्याच दिवशी ब्लॅकबेरीवाले जिम बाल्सिली यांची २१२.५ मिलियनची ऑफर पुढे आली, अट एकच: टीम कॅनडातल्या दक्षिण ओंटारियोत (पुढे हॅमिल्टन) न्यायची. दिवाळखोरीच कशाला? कारण त्या कोर्टात डोईजड झालेले करार नाकारता येतात. ग्लेनडेलबरोबरचं तीस वर्षांचं लीज एरवी सुटलं नसतं, इथे न्यायाधीशाच्या एका आदेशाने सुटलं असतं. शिवाय लीगची परवानगी न घेता टीम हलवायचा मागचा दरवाजाही त्यातून उघडत होता.

न्यायाधीश बॉम यांनी तो उघडू दिला नाही. ३० सप्टेंबरला त्यांनी दोन्ही बोली फेटाळल्या, आणि लोक विसरतात ते हेच: एनएचएलचीही फेटाळली. बाल्सिलींची फेटाळली कारण टीम कुठे खेळेल हे ठरवायचा लीगचा हक्क पैसे देऊन भरून निघत नाही. लीगची फेटाळली कारण कोणत्या देणेकऱ्याला पूर्ण पैसे आणि कोणाला नाही हे लीग आपल्या मर्जीने ठरवत होती. मोयेस आणि टीमचे प्रशिक्षक राहिलेले वेन ग्रेट्झ्की मागे राहत होते. फरक एवढाच की लीगला बोली दुरुस्त करून परत यायची मुभा होती. ती आली आणि १४० मिलियनला टीम घेऊन बसली. चार सीझन मालक म्हणजे खुद्द लीग. २०१२ ला याच बिनमालकाच्या टीमने कॉन्फरन्स फायनल (लीगची उपांत्य फेरी) गाठली, हे नोंदवून ठेवतो. हॉकी वाईट नव्हती हो.

या चार वर्षांत शहराने लीगला तोटा भरून द्यायला २०१० मध्ये २५ मिलियन मंजूर केले आणि २०११ मध्ये परत २५. विकत घेणारा मिळेपर्यंत थांबा, म्हणून.

आपल्याकडच्याशी तुलना करायचीच तर पुणे वॉरियर्सशी करा. २०१३ ला फ्रँचायझी फीवरून सहारा आणि बीसीसीआयचं फाटलं, बोर्डाने बँक गॅरंटी वटवली, टीम संपली. पण गहुंज्याचं मैदान महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं, त्यामुळे त्या भांडणात कुठल्या पालिकेच्या तिजोरीला हात लागला नाही. इथे अरीना शहराचं असल्यामुळे प्रत्येक भांडणात शहर पक्षकार.

मेसाकर

---

प्रेषक: टेंपेकर

मेसाकर, २०१० चा हल्सायझर सौदा तुम्ही वगळलात. माझ्या मते अख्ख्या प्रकरणाची किल्ली तिथे आहे, म्हणून मी लिहिते. टेंपेवर नंतर येते, चँडलरकरांना सोडणार नाही.

डिसेंबर २०१० मध्ये ग्लेनडेलने टीम घ्यायला आलेल्या मॅथ्यू हल्सायझर यांच्याशी करार मंजूर केला. शहराने १०० मिलियनचे बाँड काढायचे आणि त्या पैशातून अरीनाभोवतीच्या पार्किंगचे हक्क हल्सायझर यांच्याकडून विकत घ्यायचे. शिवाय साडेपाच वर्षांत ९७ मिलियन व्यवस्थापनाचे. म्हणजे टीमच्या खरेदीतला मोठा हिस्सा शहराच्या खिशातून, आणि बदल्यात काय, तर शहराच्याच अरीनासमोर गाडी लावल्याचे पैसे.

इथे ॲरिझोनाच्या राज्यघटनेतलं नवव्या अनुच्छेदाचं सातवं कलम आडवं आलं. गिफ्ट क्लॉज म्हणतात त्याला: सरकारने खाजगी धंद्याला देणगी द्यायची नाही, आपली पतही उसनी द्यायची नाही. आणि जानेवारी २०१० मध्येच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सिटीनॉर्थच्या खटल्यात त्याचा अर्थ घट्ट केला होता. तिथे फीनिक्सने एका मॉलवाल्याला पार्किंगच्या जागांपोटी ९७.४ मिलियनपर्यंत द्यायचे होते. (पार्किंग आणि सत्त्याण्णव, दोन्ही परत परत येतात, योगायोग म्हणा.) कोर्टाने तो जुना करार वाचवला, पण पुढच्यासाठी रेघ मारली: शहराला जे प्रत्यक्ष मिळतं त्याचीच किंमत धरायची. उद्या विक्रीकर वाढेल, हॉटेलं भरतील, हे हिशेबात धरायचं नाही. आणि दिलेलं आणि मिळालेलं यांत ढळढळीत तफावत असेल तर ती देणगी.

सिटीनॉर्थचा खटला लढणाऱ्या गोल्डवॉटर इन्स्टिट्यूटने ग्लेनडेलवरही खटला भरू असं सांगितलं. भरला नाही, नुसतं सांगितलं. तेवढं पुरलं. बाँड घेणाऱ्याला उद्या कोर्ट हा करार रद्द ठरवेल ही शंका आली की तो व्याज वाढवून मागतो किंवा घेतच नाही. परवडेल अशा दराने बाँड खपेनात, आणि जून २०११ मध्ये हल्सायझर बाजूला झाले. त्याआधी ३१ मे ला विनिपेगवाल्यांनी ॲटलांटाची टीम उचलली होती. एरवी कायोटीजच परत गेली असती, असं मी तरी म्हणेन.

पुढे ग्रेग जेमिसन आले. वीस वर्षांत तीनशे मिलियनच्या वर असा करार होता, पण ३१ जानेवारी २०१३ च्या मुदतीत त्यांना टीम घेण्याइतका पैसा उभा करता आला नाही. म्हणजे करार शहराने मान्य केलेला, आणि तरी गिऱ्हाईक नाही! मग जुलै २०१३, ते काकांनी लिहिलंच आहे. त्या ऑगस्टमध्ये लीगने १७० मिलियनला टीम विकली.

आता टेंपे. चँडलरकर, तिन्ही प्रपोझिशन्समध्ये काय होतं ते वेगवेगळं बघा. ३०१ म्हणजे शहराच्या जनरल प्लॅनमधला बदल, ३०२ म्हणजे झोनिंग (जागेचा वापर कशासाठी ते ठरवणं), आणि ३०३ म्हणजे जमीन देण्याचा आणि विकासाचा करार. खरी मेख ३०३ मध्ये. मालक स्वतःच्या पैशाने बांधणार हे खरं. पण कचऱ्याची सफाई आणि रस्ते-पाणी यांसाठी त्या ४६ एकरांपुरता खास कर-विभाग करून बाँड काढायचे आणि तिथे जमणाऱ्या करातून फेडायचे, आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये दीर्घ मुदतीची सवलत, हेही त्यातच होतं. शहराच्या सामान्य तिजोरीवर बोजा येणार नाही असं लिहिलं होतं, आणि माझ्या वाचण्यात ते बऱ्यापैकी बांधून लिहिलं होतं. ग्लेनडेलपेक्षा हा करार कितीतरी बरा होता.

मग पडला का? एक, विमानतळ. स्काय हार्बरच्या धावपट्टीच्या पूर्वेकडे, विमानं डोक्यावरून जातात तिथे, दोन हजाराच्या आसपास फ्लॅट. दिवसरात्रीचा सरासरी आवाज ६५ डेसिबलच्या वर जातो त्या पट्ट्यात घरं नकोत असं केंद्राचं धोरण, आणि टेंपे-फीनिक्स यांचा १९९४ चा आवाजाबद्दलचा करारही आहे. त्यावरून मार्च २०२३ मध्ये, मतदानाच्या दोन महिने आधी, फीनिक्स शहराने टेंपेवर दावा लावला. दोन, डिसेंबर २०२१. कर थकले म्हणून ग्लेनडेलने टीमला अरीनाला कुलूप लावायची नोटीस दिली होती. थकबाकी सुमारे १.३ मिलियन, बहुतेक राज्याची, शहराची अडीच लाखाच्या आसपास. टीमने लगेच भरली, मानवी चूक म्हणाले. पण २.१ बिलियनचा प्रकल्प मागणाऱ्याने अडीच लाखासाठी नोटीस खाल्लेली मतदार विसरत नाही. विरोधात साधारण ५६ टक्के मतं पडली, तिन्हींना जवळपास सारखीच. लोकांनी कलमं वेगळी वाचून मत दिलं असतं तर आकड्यांत फरक दिसला असता. त्यांनी मालकाला मत दिलं नाही.

टेंपेकर

---

प्रेषक: चँडलरकर

टेंपेकर ताई, ५६ टक्क्यांचं तुमचं वाचन पटलं. माझं वाक्य बदलतो: टेंपेने टीम घालवली नाही, टेंपेने ती वाचवली नाही. पण मग एक सांगा, आधीच्या शहरांच्या पापाची शिक्षा शेवटच्या प्रामाणिक कराराला का?

चँडलरकर

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

कारण करार कागदावर असतो आणि मालक खुर्चीवर.

ऑगस्ट २०२१ मध्ये ग्लेनडेलने लीज पुढे वाढवणार नाही म्हणून कळवलं, तेव्हा शहराची चाल मला कळली होती. कॉन्सर्टवाल्याला ४१ तारखा अडकवून ठेवायच्या नसतात, तो एका रात्रीत येतो, भाडं भरतो, जातो. हॉकीच्या टीमला ऑक्टोबर ते एप्रिल तारखा राखून ठेवाव्या लागतात, बर्फ घालावं-झाकावं लागतं. शहराने कॉन्सर्ट निवडले. भाडेकरूविना इमारत मरेल या भीतीपायी २०१३ चे २२५ मिलियन कबूल केले होते. ती भीतीच चुकीची होती, हे कळायला मध्ये आठ वर्षं गेली.

चेस फील्डवाल्यांनी करारात काय शोधावं ते याच अनुभवातून लिहितो. अंदाजाएवढा कर जमला नाही तर तूट कोण भरणार, हे एका वाक्यात लिहिलेलं आहे का. मालक मुदतीआधी निघाला तर दंड किती आणि तो दर वर्षी किती कमी होत जातो. व्यवस्थापन शुल्क दुसऱ्या कुणाकडून दर मागवून ठरवलंय की मालकाने सांगितला तोच आकडा. आणि टीम विकली गेली तर ही बंधनं नव्या मालकावर आपोआप जातात की परत सही लागते. बाकीची दोनशे पानं वकिलांसाठी.

ग्लेनडेलकर

---

प्रेषक: सॉल्ट लेककर

ही मेलिंग लिस्ट सोडली नाही अजून, इकडे राहायला आलो तरी वाचत असतो. विक्रीचा शेवटचा भाग कुणी लिहिला नाही म्हणून.

१८ एप्रिल २०२४ ला जे झालं ते कागदोपत्री टीमचं स्थलांतर नाही. सॉल्ट लेकच्या बास्केटबॉल टीमचे मालक रायन स्मिथ यांनी १.२ बिलियन दिले, त्यातले १ बिलियन कायोटीजचे मालक ॲलेक्स मेरुएलो यांना आणि २०० मिलियन लीगला. बदल्यात आले खेळाडूंचे करार, राखीव खेळाडूंची यादी आणि ड्राफ्टचे (नवे खेळाडू निवडायचे) हक्क. फ्रँचायझी, नाव आणि लोगो मेरुएलो यांच्याकडेच राहिले, निष्क्रिय म्हणून. पाच वर्षांत अरीना बांधलं आणि तो १ बिलियन परत केला तर टीम पुन्हा सुरू, असं ठरलं होतं.

त्यासाठी उत्तर फीनिक्समधली राज्याच्या मालकीची ११० एकर जमीन २७ जून २०२४ ला लिलावात निघणार होती, सुरुवातीची बोली ६८.५ मिलियन. आठवडाभर आधी राज्याच्या जमीन खात्याने लिलाव रद्द केला: अरीनासाठी आधी शहराकडून विशेष वापराचा परवाना आणा, मग बोली लावा. एरवी जमीन घ्यायची आणि मग परवाना मागायचा, असं मेरुएलो धरून चालले होते. त्यांनी दोनचार दिवसांत हक्कच सोडून दिला. चँडलरकर, शेवटचा खिळा शोधत असाल तर तो हा. मतदानाचा नव्हे, परवान्याच्या क्रमाचा.

इकडचंही ऐका. सॉल्ट लेक सिटीने डाउनटाउनसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवलाय, त्यातून ९०० मिलियनपर्यंत पैसा उभा करायचा आहे. डेल्टा सेंटर बांधलं होतं बास्केटबॉलसाठी. पहिल्या सीझनला दोन्ही गोल नीट दिसतील अशा खुर्च्या ११,१३१, आणि बाकीच्या "एक गोल दिसेल" असं स्पष्ट सांगून स्वस्तात विकल्या. आता टप्प्याटप्प्याने आतली रचना बदलतायत.

सॉल्ट लेककर

---

प्रेषक: ग्लेनडेलकर

कुठला गोल दिसत नाही? उत्तरेचा की दक्षिणेचा?

---

प्रेषक: सॉल्ट लेककर

काका, ज्या बाजूला बसाल तिकडचा.